संगाप्पांनी नाही म्हटलं होतं

संगाप्पा कुणाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत; पायांकडे पाहत. मी शाळेत रुजू व्हायला गेलो त्या सकाळी फाटकाशी एक बुटका, रुंद छातीचा, पिकल्या मिशांचा माणूस मैदानावर पाणी मारत होता. डोक्याला मुंडासं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि चालताना उजवा पाय किंचित बाहेर फेकण्याची लकब. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, कवा पडलाव?"

चार दिवसांपूर्वी गावी, चुडाव्याला, मी बैलगाडीतून उतरताना गुडघ्यावर आपटलो होतो. नव्या नोकरीवर लंगडत जाणं शोभत नाही म्हणून परभणीच्या स्टेशनपासून शाळेपर्यंत दात आवळून सरळ चालत आलो होतो. "पडलो नाही," मी म्हणालो.

"तोंड न्हाई म्हनायलंय, गुडघा हो म्हनायलाय. मी कुनाचं ऐकू?" त्यांनी घागर खाली ठेवली. "या हिकडं. हेडमास्तर कुठं पळून जात न्हाईत."

पाण्याच्या हौदामागे त्यांची एक खोली होती. आत एक बाकडं, करडीच्या तेलाची मडकी, आंबेहळद, मिठाच्या पुरचुंड्या, जुन्या धोतरांच्या धुऊन गुंडाळलेल्या पट्ट्या आणि तासून गुळगुळीत केलेल्या बांबूच्या कांबी. त्या बाकड्यावर मला अर्धा तास बसवून त्यांनी गुडघा शेकला, बांधला आणि मगच वर जाऊ दिलं. पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून हेडमास्तर दिगंबररावांनी मला सुनावलं. मी कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तो फर्राश आहे. झाडलोटीला ठेवलाय. त्याचं काय ऐकता?"

फर्राश! हजेरीपटावर संगाप्पांच्या नावापुढे हाच शब्द होता आणि शेवटपर्यंत तोच राहिला. पुढे पुष्कळ वर्षांनी शाळा चालवणाऱ्या संस्थेनं जाडजूड स्मरणिका काढली. तीत दिगंबररावांचा पानभर फोटो आहे, खाली 'मैदानाचे शिल्पकार' असं छापलंय. त्या मैदानातला एकेक खडा अनवाणी पायानं चाचपून वेचणाऱ्या माणसाचं नाव स्मरणिकेत कुठंही नाही. हॉकीच्या संघाच्या एका फोटोत डाव्या कडेला नुसता एक हात दिसतो, खेळाडूच्या खांद्यावर ठेवलेला. फोटो कापताना तेवढा राहून गेला. तो हात कुणाचा हे सांगणारा आता मीच उरलोय. म्हणून लिहितोय, आणि रागानं लिहितोय. त्या रागातला मोठा वाटा माझ्या स्वतःवर आहे, तेही आधीच सांगून टाकतो.

निजामाचं राज्य होतं. सगळीकडे शिकवणं उर्दूतून. चार वकील आणि दोन देशमुखांनी पुष्कळ खटपटी करून मराठी मुलांच्या शाळेची परवानगी मिळवली होती. ती कधी काढून घेतली जाईल याचा भरवसा नव्हता. तालीम काढायची तर परवानगी, सभा घ्यायची तर परवानगी. अशा दिवसांत शाळेचं नाव झालं ते हॉकीनं. अधिकाऱ्यांना हॉकीचं वेड होतं. आमच्या पोरांनी जिल्ह्यातले, मग औरंगाबादेतले संघ हरवले तसे मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येणारे साहेब लोकही गोड बोलू लागले. खेळ शिकवायला एक ड्रिल मास्तर होते. पण ते शिट्टी वाजवून घरी जात. पोरांना उभं ठेवलं होतं संगाप्पांनी.

खेळ सुरू होण्याआधी ते प्रत्येक पोराचा घोटा हातात धरून पाहत. एखाद्याला मुका मार लागला की विहिरीच्या गार पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या, दुसऱ्या दिवशी शेक, तिसऱ्या दिवशी तेल. हा क्रम कुणासाठी बदलत नसे. "दुखतंय का म्हनून इचारूच नका," ते मला सांगत, "खेळाच्या लालचीनं पोरं खोटं बोलत्यात. चालून दाखीव म्हनायचं." दोन दिवसांत बरं कर म्हणून ड्रिल मास्तर घाई करायला लागले की संगाप्पा हात न थांबवता म्हणत, "हाडाला हुकूम कळत न्हाई, मास्तर. तेच्या कलानं घ्यावं लागतंय."

हे शहाणपण कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. औरंगाबादेहून संघ परत येत होता, पोरं डब्यात झोपली होती. संगाप्पा पालमचे. घर लिंगायत वाण्यांचं, वडिलांचं किराणा दुकान. हा मुलगा मात्र तागडी सोडून तालमीत जायचा. विशीत त्यांचं नाव पंचक्रोशीत झालं होतं. एका जत्रेच्या आधी गुडघा सुजला. कुस्ती नको, असं त्यांनी सांगून पाहिलं. पण गावच्या देशमुखांकडे पाहुणे आले होते आणि पाहुण्यांना संगाप्पाची कुस्ती दाखवायची होती.

"देशमुख म्हनले, संग्या, पाच मिंटाचं तर काम हाय. पाच मिंटंच लागली, मास्तर." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "मी वरडलो तवा पाहुने टाळ्या वाजवायलते. त्यायला वाटलं मी जिकलो."

त्यानंतर ते कधी कुस्तीच्या हौद्यात उतरले नाहीत. नांदेडकडच्या एका म्हाताऱ्या हाडवैद्याकडे सहा वर्षं राहिले, त्याचं सगळं शिकले आणि परभणीला आले. आमच्या शाळेनं त्यांना झाडलोटीला ठेवलं, कारण मालिशवाल्यासाठी हजेरीपटात रकाना नव्हता.

त्यांच्या खोलीत जात चालत नसे. यशवंत नावाचा महारवाड्यातला एक पोरगा मोठ्या मुश्किलीनं शाळेत घेतला होता. तो गोलरक्षक झाला. त्याचा खांदा निखळला तेव्हा संगाप्पांनी त्याला छातीशी धरून खांदा बसवला. आठ दिवसांनी संस्थेच्या एका वकिलांनी हुकूम काढला, त्या पोरासाठी तेलाचं मडकं वेगळं ठेवा. संगाप्पांनी "जी साहेब" म्हटलं आणि दुसरं मडकं आणून ठेवलं. वकीलसाहेब बघून, समाधान पावून गेले. मी विचारलं, "संगाप्पा, तुम्हीसुद्धा?" त्यांनी माझ्यासमोर एकाच डब्यातलं तेल दोन्ही मडक्यांत ओतलं. "आता ह्यातलं येशवंताचं कोनतं त्ये मला बी ठावं न्हाई," ते म्हणाले. त्या दिवशी मी खूप हसलो. आज तसं हसू येत नाही. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला एवढ्या क्षुद्र लोकांपुढे "जी साहेब" म्हणत जगावं लागलं, याचीच चीड येते.

आता रहीमची हकीकत. रहीम टांगेवाल्या बाबूमियाँचा मुलगा. आमच्या मराठी शाळेत मुसलमान मुलगाही शिकतो हे साहेबांना दाखवता यावं म्हणून दिगंबररावांनी त्याला घेतला होता. पण तो निघाला हॉकीचा बादशहा. चेंडू त्याच्या स्टिकला चिकटलेला असायचा. संगाप्पांचा त्याच्यावर जीव होता आणि तोही त्यांना "आप्पा, आप्पा" करत दिवसभर मागे असायचा.

राज्य बुडायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मोठे सामने परभणीतच भरले होते आणि अंतिम सामन्याला औरंगाबादेहून सुभ्याचे मुख्य अधिकारी, खुद्द सुभेदारसाहेब येणार होते. आदल्या दिवशीच्या सामन्यात एका खेळाडूची स्टिक रहीमच्या कानशिलावर बसली. तो पडला, लगेच उठला, हसला आणि खेळून आला. सगळ्यांना वाटलं, काही झालं नाही. संगाप्पांनी मात्र त्याला खोलीत नेऊन बाकड्यावर बसवलं.

"सकाळी काय खाल्लास रे?"

रहीमनं विचार केला. "याद नै आप्पा."

"कोन्या संघासंगं खेळलाव आज?"

त्यालाही तो अडखळला. थोड्या वेळानं त्याला वांती झाली. संगाप्पांनी कंदील त्याच्या डोळ्यांजवळ नेला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दोनी बाहुल्या सारख्या न्हाईत, मास्तर. हा पोरगा उद्या खेळनार न्हाई. उद्या न्हाई आन् पुढचा म्हैनाभर बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हेच दिगंबररावांना सांगितलं. मी तिथं होतो. दिगंबरराव आरशासमोर उभे राहून रुमी टोपी नीट करत होते, कारण साहेबांच्या स्वागताला तीच घालायची होती. "अरे, पोरगा चालतोय, बोलतोय. पट्टी बांध आणि उतरव."

"साहेब, पायाचं असतं तर बांदलं असतं. डोस्क्याच्या आतलं मला बांदता येत न्हाई."

"सरकारी डॉक्टरांनी बघितलंय त्याला."

"डाक्टरसाहेबांनी फाटकातून बघितलं. मी जवळून बघितलंय."

दिगंबररावांचा चेहरा लाल झाला. "रहीम नसेल तर आपण हरणार. साहेबांपुढे हरणार. शाळेची परवानगी नव्यानं मंजूर व्हायचीय हे तुला कळतं का? तू फर्राश आहेस, डॉक्टर नाहीस."

"फर्राश हाय म्हनूनच सांगायलोय," संगाप्पा म्हणाले. "मागून झाडायला मलाच यावं लागंल."

ते निघून गेले आणि आपल्या खोलीच्या उंबरठ्यावर पाय पसरून बसले. आत रहीम झोपला होता. दारातून कुणालाही आत जाऊ देईनात, ड्रिल मास्तरांनाही नाही. त्यांना हातानं हलवायची छाती कुणाची नव्हती.

दुपारी दिगंबररावांनी मला बोलावलं. शेजारी तेच मडक्यांवाले वकील बसले होते. "मास्तर, संगाप्पाला निरोप द्या. सुभेदारसाहेबांच्या मंडळींतले एक पाहुणे स्टेशनवर उतरताना पडले. पाय निखळलाय. ताबडतोब बोलावलंय." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वकीलसाहेब मात्र पाहत होते, आणि हसत होते.

मी मूर्ख नव्हतो. खोलीपर्यंतचं अंतर शंभर पावलांचं होतं आणि त्यातल्या प्रत्येक पावलाला मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. त्या माणसाला लाच देऊन उठवता आलं नसतं, धमकीनं उठवता आलं नसतं. कुणाचा तरी पाय निखळलाय, या एकाच गोष्टीसाठी तो उठेल हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. त्याच्या चांगुलपणाचाच त्यांनी फास केला, आणि तो घेऊन जायला मला निवडलं, कारण संगाप्पा माझ्यावर विश्वास ठेवत. मी जाऊन निरोप सांगितला. अगदी अक्षर न् अक्षर सांगितला.

संगाप्पा लगेच उठले. पट्ट्या, कांबी, तेलाची बाटली पिशवीत भरली. मग माझा दंड धरून म्हणाले, "मास्तर, ह्याला हितून उठू देऊ नका. तुमच्या हवाली करायलोय." आणि तो बाहेर फेकणारा पाय ओढत ते जवळजवळ पळतच स्टेशनकडे गेले.

पाच मिनिटांत दिगंबरराव आले. रहीम जागा झाला होता. साहेब आलेत, खेळणार ना, एवढंच त्यांनी विचारलं. तो उठून उभा राहिला. "खेलतूं साब. कुछ नै हुआ मेरेकू." मी दारात उभा होतो. दिगंबरराव म्हणाले, "मास्तर, बाजूला व्हा." मी बाजूला झालो.

रहीमनं एक गोल केला. साहेबांनी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. मध्यंतरानंतर चेंडू कुठं दूर असताना, कुणाचाही धक्का न लागता तो मैदानाच्या मध्यावर खाली बसला, मग आडवा झाला आणि त्याचे हातपाय झटके देऊ लागले.

पोरांचं कडं तोडून संगाप्पा आत आले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत धुळीनं भरले होते. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही. रहीमला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला, शाळेचं एक दार बिजागरीतून काढायला लावलं आणि मान स्वतःच्या दोन्ही हातांत धरून त्याला त्यावर घेतलं. दवाखान्यापर्यंत ती मान त्यांनी सोडली नाही. व्हरांड्यात, डॉक्टर आत असताना, त्यांनी मला विचारलं, "मास्तर, टेसनावर तर कोनी न्हवतं. पाव्हना कोन व्हता?"

मी जमिनीकडे पाहत राहिलो.

रहीम वाचला. पण त्याचं उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. बाबूमियाँनी कचेरीत अर्ज दिला, चौकशी लागली. आणि मग त्या प्रतिष्ठित, विद्वान माणसांनी जे केलं ते ऐका. त्यांनी उर्दूत एक जबाब तयार केला. त्यात लिहिलं होतं की खेळाडूंच्या देखभालीचं काम संगाप्पा पाहत असे. मुलगा खेळण्यालायक आहे असं त्यानंच सांगितलं. आणि ऐन सामन्याच्या वेळी तो परवानगीशिवाय मैदान सोडून गेला होता. वर्षानुवर्षं ज्याला फर्राश म्हणून हिणवलं, तो दोष द्यायची वेळ आली तेव्हा एका दिवसात 'देखभाल पाहणारा' झाला!

संगाप्पांना उर्दू वाचता येत नव्हतं. दिगंबररावांनी जबाब वाचून दाखवला आणि सही मागितली. "हे बघ, तुझ्यावर आलं तर फक्त तुझं काम जाईल. आमच्यावर आलं तर शाळा जाईल. मराठी पोरांची एवढी एकच शाळा आहे. विचार कर."

"साहेब," संगाप्पा म्हणाले, "खोटं बोलून वाचवलेल्या शाळंत पोरायला काय शिकवनार हाव?"

त्यांनी सही केली नाही. बाकीच्यांनी केल्या. तिसरी सही माझी आहे. शाळा वाचवायची म्हणून केली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं एवढंच की घरी म्हातारी आई होती, नोकरी जाण्याची भीती होती, आणि मी भित्रा होतो. संगाप्पांना कामावरून काढलं. शाळेला परवानगी मिळाली.

ते पालमला परत गेले, पण एकटे नाही. बाबूमियाँच्या घरी पाच लेकरं आणि एक खोली. अंथरुणाला खिळलेल्या पोराचं कोण करणार? संगाप्पा म्हणाले, "मला द्या. मी त्याला चालता करून आनून देतो." लिंगायताच्या घरी मुसलमान पोर आलं म्हणून पालममध्ये कुजबुज झाली. भाऊबंदांनी जेवणावळीला बोलावणं सोडलं. संगाप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण त्यांना वेळच नव्हता.

वर्षभरानं धीर करून मी पालमला गेलो. गंगाखेडपर्यंत रेल्वे, पुढे मोटार. घर विचारत गेलो तर दारात त्यांची बायको शिवाबाई धान्य निवडत बसली होती. मी नाव सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हंजी त्यो निरोप आननारे मास्तर तुमीच का?" एवढं विचारून ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. मी तांब्याला हात लावला नाही.

संगाप्पा ओढ्यावर होते. वाळूत दोन ओळींनी बांबू रोवले होते आणि त्यांमधून रहीम चालत होता. एक पाऊल टाकायला त्याला माझ्या दहा पावलांइतका वेळ लागत होता. संगाप्पा त्याच्यापुढे उलटे चालत होते, हात पसरून, पण त्याला न धरता. "टाच आधी. टाच टेक, मंग बोटं. घाई करायलास तू. कोन वाट बघायलंय आपली?" रहीम पडला. त्यांनी उचललं नाही. तो स्वतः बांबू धरून उठेपर्यंत ते वाळूत बसून राहिले. रोज सकाळ-संध्याकाळ हे चाललं होतं. आधी चार महिने नुसती बोटं हलवायला लागले होते.

रहीम दम खायला बसला तेव्हा मी संगाप्पांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं: मला ठाऊक होतं, तरी निरोप दिला, दारातून बाजूला झालो, खोट्या कागदावर सही केली.

"मला तवाच कळलं व्हतं," ते म्हणाले. "दवाखान्यात तुमी खाली बघितलं तवाच."

"मग सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"फर्राश बोलला तर काय व्हतंय? तुमी बोलाया पायजे व्हतं." आवाज चढलेला नव्हता, पण तसा कठोर मी तो कधी ऐकला नव्हता. "काम गेलं त्याचं मला काई न्हाई. पन त्या कागदावर असं लिवलंय की ह्या पोराला मी मैदानात सोडलं. मी! त्ये पुसा, मास्तर. दुसरं काई नगं मला."

मी वचन दिलं आणि परत आलो. लिहायला बसलो की हात थांबायचा. मग रझाकारांचे दिवस आले, शाळा बंद पडली, लोक गावं सोडून पळाले. माझ्या भ्याडपणाला कारणं आयतीच मिळत गेली.

सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. शाळा पुन्हा उघडली. त्यानंतरचे आठवडे मुसलमानांना फार वाईट गेले; निरपराध माणसंही भरडली गेली. आणि अशा दिवसांत एका सकाळी वर्गाच्या दारात रहीम उभा राहिला. हातात काठी, उजवा पाय थोडा ओढत, पण स्वतःच्या पायांवर. बरोबर पालमचा एक म्हातारा लिंगायत शेतकरी होता. शिवाबाईनं सोबत पाठवलेला.

"आप्पा गेले, मास्तर," रहीम म्हणाला. जीभ अजून जड होती, पण शब्द कळत होते. "आठ दिन हुए. ताप आला व्हता." त्या वाईट आठवड्यांत आप्पांनी त्याला घरातून हलू दिलं नव्हतं. त्याला शोधत चौघं दाराशी आले तेव्हा आप्पा पूर्वीसारखेच उंबरठ्यावर पाय पसरून बसले होते. या वेळी त्यांना उठवायला कुणी निरोप आणला नाही. आप्पांना पुरायला नेलं तेव्हा रहीम घरापासून रुद्रभूमीपर्यंत सगळी वाट चालत गेला. लोकांनी बैलगाडीत बस म्हटलं, तो बसला नाही.

"शेवटी शेवटी इचारत व्हते," रहीम म्हणाला, "मास्तरनं कागद लिवला का?"

मी वर्ग तसाच सोडला, शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसलो आणि एका बैठकीत सगळं लिहिलं. दोन वर्षं जे जमलं नव्हतं त्याला तास पुरला. सही करून कागद दिगंबररावांच्या टेबलावर ठेवला. आता त्यांच्या डोक्यावर गांधी टोपी होती. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी केली आणि खणात टाकला. "झालं गेलं, मास्तर. वाईट राज्य होतं ते, माणसांना नाही नाही ते करावं लागलं. आता नवी सुरुवात करू या."

वाईट राज्य होतं हे मला कुणी सांगायला नको. पण तो निरोप निजामानं पाठवला नव्हता. सुभेदारसाहेबांना तर रहीमच्या डोक्याला मार लागलाय याचा पत्ताही नव्हता. आमच्यातल्याच शहाण्यासुरत्यांनी ते केलं आणि राज्य गेल्यावर सगळं पाप त्या राज्याच्या पदरात घालून मोकळे झाले. मी म्हटलं, "कागद चौकशीच्या कचेरीत पाठवा." ते म्हणाले, "पाठवणार नाही." मी म्हटलं, "मग मी पाठवतो." पाठवला. उत्तर कधी आलं नाही. नव्या कचेरीत जुने कागद कुणी उघडत नव्हतं.

पण तेवढ्यावर थांबलो नाही. त्या संध्याकाळी हॉकीचा नवा संघ मैदानावर जमला होता. मी त्यांना बसवलं. रहीम माझ्या शेजारी उभा होता. त्याच्यासमोर मी त्या पोरांना सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. दिगंबरराव वरच्या खिडकीत उभे राहून ऐकत होते. महिन्याभरात माझी नोकरी गेली, आणि गेली ते बरंच झालं.

माझं बोलणं संपल्यावर पुढे बसलेल्या एकानं विचारलं, "सर, तुमाला सगळं ठावं व्हतं, तर तवाच का न्हाई सांगितलं?"

"मी भ्यालो होतो," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. नुसती शंका होती, आणि ती त्यानं सरळ बोलून दाखवली.

"पन संगाप्पा न्हाई भ्याले," तो म्हणाला, आणि स्टिक उचलून खेळायला गेला.